तुम्ही विचारलंत म्हणून : एका 'रीड'साठी एवढं काहून?

शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या कमांडची फाईल, शिकायला येणारी आमच्याकडची पोरं पहिल्या काही दिवसांतच हा प्रश्न घेऊन येतात. "सर, व्हेरिएबलमंधी घ्याचं तं नुसतं 'रीड' आन् नाव लिवलं का झालं. तुम्ही दरवेळी आंगोदर आयएफएस आन् मांगं डॅश आर काहून लावता जी?" आता गावाकडून फोनवरही हेच विचारलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

रीड ही शेलची (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक कमांड: दिलेली ओळ घ्यायची आणि व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायची. डॅश आर (-r) हा तिचा पर्याय आणि आयएफएस ही शेलची एक सेटिंग, दोन्ही खाली येतात. थोडक्यात उत्तर असं: नुसतं रीड माणसानं दिलेलं जसंच्या तसं घेत नाही. ते त्यात फेरफार करतं आणि केल्याचं सांगत नाही.

आमच्याकडे स्क्रिप्टचं काम म्हणजे बहुतेक याद्यांचं काम. कापसाची आवक, सोयाबीनची नोंद, पीकविम्याचे कागद. प्रत्येक ओळीत एक माणूस असतो, त्याचं गाव असतं, गट नंबर असतो, वजन असतं. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर त्या माणसाला तालुक्याला खेटे घालावे लागतात. मी या एका कमांडवर इतका अडून बसतो तो म्हणूनच.

गट नंबरापासून सुरू करू. सातबाऱ्यावर ४५/२ असं असतं, म्हणजे ४५ चा दुसरा हिस्सा. यादी भरणाऱ्याच्या लेखी दोन्ही तिरप्या रेघा सारख्याच, त्यामुळे कधीकधी सरळ स्लॅशऐवजी बॅकस्लॅश पडतो. कागदावर छापलं तर वाचणाऱ्याला कळतं. पण नुसत्या रीडला बॅकस्लॅश ही खूण वाटते: पुढचं अक्षर साधं समज आणि मला टाकून दे. मग ४५\२ चं होतं ४५२. एरर नाही, सूचना नाही. आता ४५२ हा दुसऱ्याच कुणाच्या तरी शेताचा नंबर असू शकतो. बॅकस्लॅश ओळीच्या अगदी शेवटी आला तर आणखी कठीण: पुढची अख्खी ओळ त्याच ओळीला जोडली जाते आणि दोन शेतकऱ्यांचा एक होतो. लांब ओळ दोन तुकड्यांत लिहिता यावी म्हणून ही सोय आहे, आणि जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून ती तशीच राहिली आहे. डॅश आर लावलं की बॅकस्लॅश हे बाकीच्यांसारखंच एक अक्षर होतं. हा पर्याय पोसिक्स या युनिक्स प्रणालींच्या प्रमाणात आहे, त्यामुळे बॅश असो, डॅश नावाचं शेल असो की केएसएच, या सगळ्या शेलमध्ये चालतो. न लावण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

आयएफएस म्हणजे कुठल्या अक्षरावर ओळ तोडायची त्याची यादी. काहीच सांगितलं नाही तर त्यात स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही तीन असतात. रीडला दोन-तीन नावं दिली की ते ओळ तोडतं, पहिला तुकडा पहिल्या नावात, दुसरा दुसऱ्यात, आणि उरलेलं सगळं शेवटच्या नावात टाकतं. हे ऐकायला सोपं आहे, पण अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं घेऊन पाहा: चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी. 'रीड गाव वजन' असं लिहिलं की गावात नुसतं 'चांदूर' जातं आणि वजनात 'रेल्वे १२'. चांदूर म्हणजे कोणतं? एक जिल्ह्याच्या एका टोकाला, दुसरं दुसऱ्या. तीच गत नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहितात, बाई किंवा राव कधी जोडून येतं, कधी वेगळं. तुकडे किती पडतील ते आधी सांगता येत नाही.

म्हणून यादीत रकान्यांच्या मध्ये उभी रेघ ठेवायची आणि आयएफएसला तीच द्यायची. ही नेमणूक रीडच्या अगोदर त्याच ओळीत लिहिली की ती तेवढ्या एका रीडपुरतीच राहते, बाकी स्क्रिप्टला धक्का लागत नाही. पोरं विचारतात, टॅब का नको? एक्सेलमधून टॅबवाली फाईल तर सहज निघते. टॅबची खोड अशी की शेलच्या लेखी तो मोकळ्या जागेतच मोडतो, त्यामुळे लागून आलेले दोन टॅब एकच धरले जातात. एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे मोबाईल नाही, म्हणून तो रकाना रिकामा सोडलेला असतो. टॅबवर तोडलं की रिकामा रकाना नाहीसा होतो आणि पुढचा बँक खात्याचा नंबर मोबाईलच्या जागी येऊन बसतो. उभी रेघ असेल तर रिकामं ते रिकामंच राहतं.

पूर्ण ओळ एकाच व्हेरिएबलमध्ये हवी असेल तेव्हा आयएफएस रिकामं ठेवायचं. आयएफएस, बरोबरचं चिन्ह, पुढे काहीच नाही, मग स्पेस देऊन रीड, डॅश आर आणि नाव. हे केलं नाही तर ओळीच्या आधीच्या-नंतरच्या मोकळ्या जागा कापल्या जातात. बरेचदा त्याने बिघडत नाही. पण ठरावीक रुंदीच्या रकान्यांची यादी असली आणि पहिला रकाना रिकामा असला की सगळे रकाने डावीकडे सरकतात.

नीट घेतलेलं नीट वापरायलाही हवं. व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा, दरवेळी. मक्त्यानं किंवा बटईनं शेती करणाऱ्याच्या नावापुढे यादीत चांदणी काढायची पद्धत काही ठिकाणी आहे. अवतरणाशिवाय ती छापली की शेल चांदणीच्या जागी त्या फोल्डरमधल्या फाईलींची नावं मांडून देतं. छापायला इको या कमांडपेक्षा प्रिंटएफ बरं, कारण इको प्रत्येक शेलमध्ये सारखं वागत नाही.

आता माझ्या मनाला सगळ्यात लागणारी गोष्ट. व्हाइल रीडनं, म्हणजे रीड यशस्वी होतंय तोवर पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या लूपनं, फाईल वाचताना शेवटचा माणूस गळतो. फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नसला तर रीड ती ओळ व्हेरिएबलमध्ये भरतं, पण फाईल संपली म्हणून अपयश कळवतं. व्हाइल ते अपयश पाहून थांबतं आणि ती ओळ कुणी पाहतच नाही. म्हणून रीडच्या पुढे 'किंवा ओळ रिकामी नसेल तर' ही अट जोडायची. हा तीन-चार शब्दांचा तुकडा आहे, आणि यादीच्या तळाशी कोण आहे ते आपल्याला माहीत नसतं.

यादी विंडोजवर बनली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं न दिसणारं अक्षर येतं आणि शेवटच्या रकान्याला चिकटतं. पडद्यावर दोन गावं हुबेहूब सारखी दिसतात आणि तुलना केली तर जुळत नाहीत. टीआर या अक्षरं बदलणाऱ्या-काढणाऱ्या कमांडनं ते आधीच काढून टाका.

यादी वाचता वाचता मध्येच वापरणाऱ्याला 'ही नोंद घेऊ का?' असं विचारायचं असेल तर सावध राहा. लूपला फाईल जोडलेली असते, त्यामुळे आतलं रीडही कीबोर्डकडे न पाहता फाईलमधूनच वाचतं. पुढचा शेतकरी हा 'उत्तर' म्हणून खर्ची पडतो, आणि यादीत एक आड एक माणूस दिसेनासा होतो. आतल्या रीडला स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाय (/dev/tty) जोडा, म्हणजे ते थेट टर्मिनलवरून घेईल. आणि कॅट कमांडनं फाईल वाचून ती पाईपनं, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीनं, लूपमध्ये सोडू नका. बॅशमध्ये पाईपनंतरचा लूप वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या स्वतंत्र प्रतीत, चालतो, म्हणून आत जमवलेली क्विंटलची बेरीज बाहेर आल्यावर शून्य दिसते. फाईल लूपच्या शेवटी, तो संपवणाऱ्या डनच्या पुढे, बाणाच्या (<) खुणेनं द्या.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत हे भेटत नाही. व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालत नाही, ते इंग्रजी अक्षरांतच लागतं. आत मात्र देवनागरी बिनधास्त ठेवा. बॅशमध्ये रीडला डॅश एन १ (-n 1) देऊन एकच अक्षर घेता येतं, आणि लोक 'हो' की 'नाही' विचारायला ते वापरतात. पण 'हो' संगणकाच्या लेखी दोन अक्षरं आहेत, ह आणि त्याचा काना-मात्रा. रीड ह घेतं आणि मात्रा पुढच्या रीडसाठी तशीच पडून राहते. त्यापेक्षा पूर्ण ओळ घ्या आणि ती 'हो' आहे का ते तपासा. वजन कुणी देवनागरी आकड्यांत टाइप केलं तर शेलला त्याचं गणित येत नाही. मजकूर बदलणाऱ्या सेडच्या वाय कमांडनं आकडे बदलून घ्या. जीएनयूचं टीआर तिथे उपयोगाचं नाही, कारण ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. आणि इंग्रजी आकड्यांत कुणी ०८ क्विंटल लिहिलं तर बॅश सुरुवातीच्या शून्यामुळे त्याला अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ आकडे असलेला) आकडा समजून अडतं. गणितात आकड्याच्या अगोदर १० आणि हॅशचं चिन्ह लावलं की ते दशमान धरतं.

मग नुसतं रीड मी कधीच वापरत नाही का, असंही तुमच्यापैकी काहींनी विचारलं. वापरतो. 'पाहून झालं की एंटर दाबा' म्हणून स्क्रिप्ट थांबवायची असते तेव्हा पुढे काहीच लावत नाही, कारण तिथे कुणाचं काही साठवायचं नसतं. स्क्रिप्ट डॅश शेलमध्ये चालणार असेल तर एखादं बिनकामाचं नाव तेवढं पुढे द्या, नावाशिवाय तिथलं रीड चालत नाही.