तुम्ही विचारलंत म्हणून: खटला मेरठलाच का?

गिरणगावाच्या इतिहासावर कुठेही बोललो की शेवटी हा प्रश्न ठरलेला. खटला म्हणजे १९२९ चा मेरठ कट खटला, ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही सगळी मुंबईत काम करणारी माणसं. संप मुंबईचा, युनियन मुंबईची, बहुतेकांना उचललंही मुंबईतूनच. मग खटला पार तिकडे मेरठला का चालवला? विचारणाऱ्याचा अंदाज असा असतो की काहीतरी कारकुनी कारण असेल.

कारकुनी कारण दाखवलं होतंच. ऑक्टोबर १९२८ मध्ये मेरठला कामगार-शेतकरी पक्षाची (वर्कर्स अँड पेझंट्स पार्टी, नंतरचा शेकाप नव्हे) एक परिषद भरली होती आणि आरोपींपैकी काहीजण तिथे हजर होते. म्हणजे कटाचा एक धागा मेरठला, सबब खटला मेरठला. कागदावर ठाकठीक.

खरं कारण ज्युरी. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या हायकोर्टात हा खटला उभा राहिला असता तर निकाल ज्युरीच्या, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांच्या, हाती गेला असता. मेरठच्या सेशन्स कोर्टात ज्युरी नव्हती. असेसर म्हणून काही मंडळी बसत, पण त्यांचं मत न्यायाधीशाने ऐकलं तर ऐकलं. भारत सरकारच्या गृहखात्यात यावर रीतसर खल झाला होता. पुरावा कितीही भक्कम असला तरी ज्युरी दोषी ठरवेलच याचा भरवसा नाही, हे त्यांनी आपसात कबूल केलं होतं. आपल्याकडे १९०८ चा टिळकांचा खटला सगळ्यांना आठवतो: नऊ जणांची ज्युरी, सात युरोपियन, दोन पारशी, आणि सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. तेव्हा दोघंच फुटले. वीस वर्षांनी किती फुटतील, हे सरकारला सांगता येईना.

एवढी धास्ती कसली, ते समजायला १९२८ चा संप आठवायला हवा. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, दीडेक लाख गिरणी कामगार बाहेर. त्याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या पलीकडे गेली. तोवर मुंबईतल्या युनियन म्हणजे वकील-पुढारी, अर्ज-विनंत्या आणि पाच-दहा हजार माणसं. इथे अध्यक्ष होते अर्जुन आळवे, स्वतः गिरणीत काम केलेले. सरकारला मॉस्कोची चिंता होती ती होतीच, पण परळ-लालबागची जास्त होती, असं माझं मत.

त्याआधी सोपा रस्ता काढून पाहिला होता. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे ब्रिटिश कम्युनिस्ट इथे येऊन युनियन बांधत होते. त्यांना नुसतं बोटीत बसवून परत पाठवता यावं म्हणून पब्लिक सेफ्टी बिल आणलं. सप्टेंबर १९२८ मध्ये मध्यवर्ती असेंब्लीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. बिल आपटलं. २० मार्च १९२९ ला देशभर धाडी पडल्या आणि ३१ जणांना अटक झाली. लेस्टर हचिन्सन हा इंग्रज पत्रकार मागाहून जोडला, तो बत्तिसावा. बिल पुन्हा आणलं तेव्हा विठ्ठलभाई म्हणाले की खटला कोर्टात असताना याच विषयावर सभागृहात चर्चा कशी होणार? ८ एप्रिलला ते हा निर्णय द्यायला उठले आणि त्याच वेळी भगतसिंग-बटुकेश्वर दत्तांचे बॉम्ब पडले. त्या बॉम्बची कहाणी सगळ्यांना पाठ असते. सभागृहात त्या दिवशी कशावर निर्णय होणार होता, ते फारसं कोणी सांगत नाही. शेवटी व्हाइसरॉय आयर्विननी वटहुकूम काढून हवं ते करून घेतलंच.

आता इथे दुसरा हात वर होतो: "पण इंग्लंडात तर कम्युनिस्ट पक्ष खुलेआम चालायचा ना?" चालायचा. त्यावर कधीच बंदी आली नाही. म्हणून सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असं नाही. ऑक्टोबर १९२५ मध्ये, म्हणजे पुढच्या वर्षीचा सार्वत्रिक संप डोळ्यासमोर दिसत असताना, पक्षाचे बारा पुढारी पकडले. आरोप राजद्रोहाच्या कटाचा आणि १७९७ च्या एका जुन्या कायद्याखाली सैन्याला चिथावण्याचा. खटला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात, ज्युरीसमोर. ज्युरीने दोषी ठरवलं. आधी शिक्षा झालेल्या पाचजणांना वर्षभर कैद. उरलेल्या सात जणांना न्यायमूर्ती स्विफ्ट म्हणाले, पक्षाशी संबंध तोडतो म्हणा आणि घरी जा. सातही जणांनी नकार दिला. शिक्षा काय? सहा महिने.

म्हणजे लंडनची ज्युरी सरकारच्या कामाची होती, म्हणून तिथे ज्युरी चालली. मुंबईच्या ज्युरीवर भरवसा नव्हता, म्हणून गाव बदललं. ब्रिटिश न्यायबुद्धीचे गोडवे गाणाऱ्यांना आणि ती सगळी थोतांड होती म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे पचत नाही.

शापूरजी सकलातवालांची गोष्ट तर याहून गमतीची. मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे, आणि लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून कम्युनिस्ट खासदार. १९२६ च्या मे महिन्यात हाइड पार्कमध्ये भाषण केलं, सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत म्हणाले, दोन महिने तुरुंगात गेले आणि सुटल्यावर पुन्हा पार्लमेंटात जाऊन बसले. १९२७ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. त्यानंतर त्यांच्या पासपोर्टवरची हिंदुस्थानची परवानगीच काढून घेतली. वेस्टमिन्स्टरमध्ये कायदे करायला चालणारा माणूस मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर उतरायला चालत नव्हता.

परत मेरठकडे. कलम १२१ अ, बादशहाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावण्याचा कट. कोणी बॉम्ब टाकला, पिस्तूल झाडलं असा आरोपच नाही. पुरावा म्हणजे पत्रं, पुस्तकं, भाषणांची टिपणं. काही पत्रांत पक्षाचा उल्लेख ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या नावांआडून केलेला, तोही उकलून मांडला. सरकारी वकील लँगफर्ड जेम्स यांनी आरोपींवर देव, देश, कुटुंब काहीच न मानणारी माणसं असा शिक्का मारून सुरुवात केली. आरोपींनी काय केलं, तर कोर्टालाच व्यासपीठ केलं आणि दिवसच्या दिवस लांबलचक निवेदनं दिली. वर्तमानपत्रांत ती छापून येत. सरकारच्या खर्चाने मार्क्सवादाची एवढी जाहिरात तोवर कोणी केली नव्हती. आरोपींपैकी गंगाधर अधिकारी तर बर्लिनहून रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन जेमतेम डिसेंबर १९२८ मध्ये परतले होते. तीन-चार महिने बाहेर, मग थेट तुरुंग.

अटकेनंतर अडीच महिन्यांत लंडनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. खूपजणांना वाटलं, सुटले. नाही सुटले. मॅक्डोनल्ड सरकारने खटला तसाच चालू ठेवला.

निकाल लागला १६ जानेवारी १९३३ ला. बंगालच्या मुझफ्फर अहमदना जन्मठेप काळं पाणी. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि स्प्रॅटना बारा वर्षं. मिरजकर आणि ब्रॅडलीला दहा. वयोवृद्ध आरोपी ठेंगडी निकाल ऐकायला उरलेच नव्हते. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बहुतेक शिक्षा मोडीत काढल्या: डांग्यांची बारा वर्षं तीनवर आली, बरेचजण सुटले. "बघा, शेवटी न्याय मिळालाच की," असं एखादे काका म्हणतात. मी एवढंच सांगतो की तोवर चार वर्षांवर काळ ते आत होते. पुढारी आत गेल्यावर महिन्याभरात, एप्रिल १९२९ मध्ये, मुंबईत पुन्हा संप झाला आणि तो फसला. पन्नास हजारांची युनियन खिळखिळी झाली. निकाल काहीही लागो, सरकारचं काम अटकेच्या दिवशीच झालं होतं. १९३४ मध्ये तर इथल्या कम्युनिस्ट पक्षावर सरळ बंदीच आली, ती १९४२ पर्यंत.

हे सगळं दिल्लीत बसून ज्यांच्या गुप्तचर खात्याने जुळवलं, ते डेव्हिड पेट्री १९४१ मध्ये लंडनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेचे प्रमुख झाले. वसाहतीत कमावलेला हात घरी कामाला आला. उलट दिशेनेही काही आलं. लँकेशायरच्या गिरणी गावांत कामगारांची पथनाट्य मंडळी मेरठवर एक छोटं नाटुकलं करत. सामान म्हणजे नुसत्या काठ्या. उभ्या-आडव्या धरल्या की झाले गज, आणि त्यांच्या आडून प्रेक्षकांना हाळी. मुंबईच्या कापडाशी ज्यांच्या पोटाची स्पर्धा, त्यांच्याच वस्तीत हे चालायचं.

"मग पुढे तरी शहाणे झाले का?" हा शेवटचा प्रश्न. जून १९४८ मध्ये मलायात (तेव्हाची ब्रिटिश वसाहत, आज मलेशियात) कम्युनिस्टांचं बंड सुरू झालं तेव्हा लंडनमध्ये ॲटलींचं मजूर सरकार होतं. तिथे मेरठइतकीही खटपट केली नाही. आणीबाणी पुकारली, पक्षावर बंदी घातली, हजारो माणसं खटल्याविना स्थानबद्ध केली, आणि जंगलाच्या कडेने राहणारे पाचेक लाख लोक, बहुतेक चिनी, उचलून काटेरी तारांच्या नव्या वस्त्यांत आणून बसवले. घरी त्याच ॲटलींनी गुप्त कामावरच्या सरकारी नोकरांतून कम्युनिस्ट तेवढे वेचून काढले. मेरठचे हचिन्सन १९४५ मध्ये मजूर पक्षाचे खासदार झाले होते. १९४९ मध्ये पक्षाने त्यांना हाकललं. आणि मलाया पेटलेलं असताना, फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने बिनधास्त शंभर उमेदवार उभे केले. कोणी अडवलं नाही. शंभरच्या शंभर पडले.