बाबांबरोबर जुनं ठाणं

बाबा नाशिकला रोज सकाळी क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांच्या नावाच्या मैदानावर फेऱ्या मारतात. गेल्या महिन्यात ऐरोलीला माझ्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "कान्हेऱ्यांना फाशी ठाण्याच्या जेलात झाली. एकदा तिथे जाऊन यायचंय." मी अकरा वर्षं ठाण्याला गाडी बदलतेय, पण शहर बघायला म्हणून कधी उतरले नव्हते. रविवारी सकाळी दोघं निघालो.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा आणि सरळ चालत सुटा. सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरून, बस मिळते, खाली रिक्षाही मिळते, पण जुनं ठाणं पायीच बघावं. परतताना बाबांचे पाय दुखतात म्हणून रिक्षा केली, तर जांभळी नाक्याच्या गर्दीत वीस मिनिटं जागची हलली नाही.

आधी खाऊन घ्या. तहसील कचेरीच्या आवारातली मामलेदार मिसळ रविवारी उशिरा गेलात तर रांगेत उभं करते. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. बाबांनी हौसेनं तिखट मागितली, कपाळावर घाम आला तरी पावाच्या शेवटच्या तुकड्यानं तर्री पुसून घेतली.

तिथून तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ आहे. ठाणे म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातलं श्रीस्थानक. आजचं देऊळ मात्र 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभं केलं. पिंडी एवढी मोठी की बाबांच्या छातीला लागेल. मी पिंडी म्हटलं की हातभर उंचीची धरून चालले होते, त्यामुळे दारातच थबकले. देवळाला लागून भाजी-फुलांचा बाजार आहे. बाबांनी तिथून झेंडू घेतला.

टेंभी नाक्याला बेने इस्रायली ज्यूंचं 1879 सालचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे. घरात मराठी बोलणारा हा समाज आता थोडका उरलाय, तेव्हा निदान बाहेरून तरी बघाच.

तिथून थोडं पुढे जेल. मुळात हा पोर्तुगिजांचा किल्ला. 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे 1816 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे हे तिघं इथे फासावर गेले. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. आत जाता येत नाही, फोटोही काढू नका, चालू तुरुंग आहे. बाबांनी भिंतीशी चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. मी काही बोलले नाही.

बाकीचं ठाणं एका दिवसात मावत नाही. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला इथे आली, त्यामुळे स्टेशनच एक स्मारक आहे. पुढे शहर कारखान्यांवर वाढलं. रेमंडची गिरणी 1925 ची, वागळे इस्टेट एमआयडीसीच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी. आता गिरणीच्या जागी टॉवर आलेत आणि वागळेत आयटीची ऑफिसं भरलीत. ज्या लोकांनी त्या यंत्रांवर आयुष्य काढलं त्यांची आठवण सांगणारं काहीतरी तिथे हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. घोडबंदर रोडला जायचं असेल तर सकाळी जा, संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. पुस्तकांची आवड असेल तर 1893 पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय चुकवू नका. पाणी जवळ ठेवा, एप्रिल-मे टाळा, घाम फार येतो.

बाबांनी झेंडू जेलपाशी ठेवला नाही. रस्त्यात तुडवला जाईल, म्हणाले. दोन दिवसांनी पिशवीत सुकलेली फुलं घेऊन बाबा नाशिकला गेले आणि सकाळच्या फेरीला निघताना ती मैदानावर घेऊन गेले.