मग फरक काय पडला?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही म्हणजे ऑफिसातल्या दोघी, माझी भाची आणि वादात मागे पडला की हटकून हेच काढणारा माझा नवरा. "इतकी वर्षं चर्चला जातेस, रोज बायबल वाचतेस, तरी इतकी चिडतेस कशी? मग फरक काय पडला?"

पूर्वी मी हसून टाळायचे. मग म्हणायला लागले, "गेले नसते तर याहून वाईट असते." समोरचा गप्प बसायचा. पण हे खरं की खोटं, ते तपासायची सोय कुणालाच नाही, मलाही नाही. म्हणून ते उत्तर सोडून दिलं.

बाविसाव्या वर्षी मी एक वही घातली होती. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळाचं वर्णन येतं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मी नऊ रकाने आखले आणि रोज रात्री टिक नाहीतर फुली मारू लागले. सहनशीलतेचा रकाना फुल्यांनी भरायचा, इंद्रियदमनाचा टिकांनी, आणि त्या टिका मोजताना मला जे सुख व्हायचं त्यासाठी रकाना नव्हता. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, देवासमोर उभा राहून आठवड्यातल्या दोन उपासांचा आणि देवाला दिलेल्या दशांशाचा हिशेब सांगतो ना, त्याच्याकडे वही नव्हती एवढंच.

पुढे कळलं की मूळ ग्रीकमध्ये तिथे एकवचन आहे. फळं नाहीत, फळ. एकच, नऊ बाजूंनी पाहिलेलं. वही रद्दीत गेली आणि मी दुसऱ्या टोकाला. माणसाने मनावर घेतलं तर तो नीट वागू शकतो, असं पेलाजियस या जुन्या काळातल्या ख्रिस्ती उपदेशकाचं म्हणणं. देवाच्या कृपेवाचून मुळात इच्छाच सरळ होत नाही, असं त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीनचं. 418 साली कार्थेजला भरलेल्या चर्चच्या परिषदेने पेलाजियसच्या मतांचा निषेध केला आणि मीही ऑगस्टीनच्या बाजूला जाऊन बसले. ती जागा फार ऐसपैस वाटली. चिडले की म्हणायचं, देव अजून काम करतोय माझ्यावर. बिशप झाल्यावरही ऑगस्टीन स्वतःच्या मोहांची झडती घेत होता, हा भाग मी सोयीने वगळला.

आता ज्या रविवारबद्दल मी कुणाशी बोलत नाही, तो सांगते.

बाबांना विस्मरणाचा आजार आहे. त्या दिवशी उपासनेत वाचन माझ्याकडे होतं आणि उशीर झाला होता. मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. शेवटच्या बटणाशी पोचेपर्यंत ते वरून सोडायला लागायचे, अगदी मन लावून, एकेक. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट पकडलं. पकडलं म्हणजे आवळलं. "पुरे झालं!" असं इतक्या जोरात ओरडले की ते लहान मुलासारखे आक्रसले. मग मुकाट्याने बटणं लावून घेतली. गाडीत मी वाचनाचा उतारा मनात घोळवत होते.

वाचन छान झालं. उपासनेनंतर दोघांनी तसं सांगितलंही. त्याआधी प्रभुभोजन होतं. बाबांनी प्याला धरायला हात पुढे केला, बाही वर सरकली आणि मनगटावर माझी बोटं उमटलेली दिसली. चार लाल वळ. वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू म्हणतो. मला आठवलं. आणि मी प्याला घेतला, प्यायले, पुढे दिला.

संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून म्हटलं, "बाबा, सकाळी मी चुकले. माफ करा." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग अनोळखी माणसाशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले, "असू द्या हो ताई. घाईत होतं असं."

ही क्षमा धरायची का? ज्यांना दुखवलं त्यांना ते आठवत नाही आणि क्षमा मागणारी कोण तेही माहीत नाही. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "धरा." मला अजून जमलेलं नाही. आणि तुमच्याकडून मी असलं काही ऐकून घेणार नाही, कारण बाबांचं सगळं रोज मी करते, तुम्ही नाही. हे लिहितानाही हिशेबाची वही परत उघडली, बघा.

वहीवाली ती पोरगी मला आता विचारते, निदान मी मोजत तरी होते, तू काय करतेस? मी म्हणते, तू टिका मोजत होतीस. ती म्हणते, फुल्याही मोजत होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल एका दमात म्हणतो की भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती साधून देणारा देव आहे. त्यातलं 'कारण' मला कधी नीट कळतं, कधी अजिबात कळत नाही.

गेल्या रविवारी बाबांनी चार वेळा बटणं सोडली. दोनदा मी गप्प राहिले. तिसऱ्यांदा आवाज चढलाच, पण हात मागे घेऊन पाठीशी धरले. चौथ्यांदा वरची दोन तशीच उघडी ठेवून आम्ही निघालो. पोचलो तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं.