आधी फेस, मग बिअर: प्रागमध्ये टेस्टिंगला बसताना

प्रागच्या बिअर टेस्टिंगमध्ये पहिला पेला टेबलावर आला की आपल्याकडच्या मंडळींतून हमखास एक तक्रार येते: "अहो, वरचा पाव भाग नुसता फेसच आहे!" मग कुणीतरी फुंकर मारून तो बाजूला सारतं, कुणी फेस बसायची वाट बघत गप्पा मारत राहतं. तोवर बिअरचा वास उडालेला असतो, गॅस मेलेला असतो आणि गाईड जे दाखवणार होता ते पेल्यातून निघून गेलेलं असतं.

पेल्याच्या काचेवर एक बारीक रेघ आणि तिच्याशेजारी ०,५ किंवा ०,३ असा आकडा असतो (तिकडे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात). माप त्या रेघेपर्यंतचं. रेघेच्या वर जी जागा सोडलेली आहे ती फेसासाठीच, त्यामुळे फेसाने आपली बिअर कमी होत नाही. दाट, ओलसर फेस हे बिअरचं झाकण आहे. त्याच्याखाली हवा लागत नाही, म्हणून बिअर शेवटच्या घोटापर्यंत ताजी राहते. फेस उठताना थोडा कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, म्हणून अशी बिअर पोटात फुगत नाही.

टेस्टिंग निवडताना एकच गोष्ट आग्रहाने बघा: बिअर नळावरून मिळणार आहे की बाटलीतून. कितीही चांगल्या बाटल्या एका खोलीत मांडून ओळीने चाखल्या, तरी झेक बिअरचं जे वेगळेपण आहे ते नळाशी घडतं, आणि ते डोळ्यांनी बघायला मिळालं पाहिजे. आठ-दहा जणांचा गट ठीक. त्याहून मोठा असेल तर मागच्यांना ना नळ दिसतो, ना गाईडचं बोलणं ऐकू येतं. एका रात्रीत पाच बार फिरवणारी सहल म्हणजे टेस्टिंग नव्हे, तिची जाहिरात कशीही असो. वेळ दुपारी तीन-चारची घ्या. संध्याकाळी सहानंतर पब भरतात, नळावरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला सवड नसते.

नमुने साधारण ०,१ ते ०,२ लिटरचे असतात. दीडशे मिलीचे सहा नमुने म्हणजे जवळजवळ दोन मोठे पेले झाले. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी प्या. पबमध्ये पाणी आपणहून टेबलावर येईलच असं नाही, ते मागवावं लागतं. झेक कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मद्याची मर्यादा शून्य आहे, त्यामुळे भाड्याची गाडी असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या. ट्राम रात्रभर चालतात.

फळ्यावरचे आकडे वाचताना बहुतेकांची गफलत होते. १०°, ११°, १२° असं लिहिलेलं बघून "बारा टक्के! बापरे" म्हणू नका. हा अल्कोहोलचा आकडा नाही. जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करतात, ते भरडून गरम पाण्यात ठेवून गोड काढा काढतात. यीस्ट घालण्याआधी त्या काढ्याच्या १०० ग्रॅममध्ये किती ग्रॅम अर्क, म्हणजे मुख्यतः साखर, विरघळलेला आहे, तो हा आकडा. मोजणीची ही रीत प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी १९व्या शतकात घालून दिली. अंदाज हवा असेल तर १०° म्हणजे सुमारे ४ टक्के अल्कोहोल आणि १२° म्हणजे सुमारे ५ टक्के. यीस्टने साखर किती खाल्ली त्यावर हे थोडं खालीवर होतं. पिल्स्नर उर्केल ही प्रसिद्ध झेक बिअर १२° च्या घरात असूनही ४.४ टक्केच आहे, कारण तिच्यात न आंबलेली साखर जास्त उरते. तोंडात ती भरीव लागते ती त्यामुळेच.

पबमध्ये लोक आकड्यानेच मागतात: देसीत्का म्हणजे दहा डिग्रीची, द्वानात्स्त्का म्हणजे बाराची. मराठी माणसाला ही यादी तोंडपाठ व्हायला वेळ लागू नये, कारण शब्द दूरच्या नात्यातले आहेत. दहाला तिकडे देसेत म्हणतात, आपल्या 'दश'चा भाऊबंद. फिक्या बिअरला स्व्येत्ले म्हणतात, तिथे 'श्वेत' आठवा. काळपट बिअरला त्मावे, तिथे 'तमस' आठवा. अर्धी काळपट, तांबूस असली तर पोलोत्मावे. आणि बिअरला पिवो, ज्याच्या मुळाशी पिणंच आहे.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: लेझाक. ११° आणि १२° च्या लागर बिअरला हे नाव आहे, आणि ते पडून राहणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलंय. आंबून झाल्यावर ही बिअर गोठणबिंदूच्या जरा वर, काही आठवडे थंड टाकीत पडून असते. आपल्याकडे लोणचं मुरतं म्हणतात, तसं मुरणं. या मुरण्यात कच्चा वास जातो, यीस्ट खाली बसतं, गॅस बिअरमध्ये नीट जिरतो. छोट्या ब्रुअरीला टाक्या कमी पडू लागल्या की पहिली काटछाट याच आठवड्यांची होते, आणि ती जिभेला कळते. कशी, ते पुढे येईलच.

आता नळ. झेक नळाला बाजूला फिरणारी मूठ असते आणि आत गोल झडप. मूठ जराशी उघडली तर फेस, पूर्ण उघडली तर बिअर, आणि मधल्या प्रत्येक अंशाला वेगळं काहीतरी. तोटीत बारीक जाळी असते, तिच्यामुळे फेस साबणासारखा मोठ्या बुडबुड्यांचा न होता सायीसारखा दाट होतो. नळावरच्या माणसाचे हात बघा. तो पेला आधी थंड पाण्याने खळबळून घेतो. कोरड्या काचेवर फेस फुटतो, ओल्या काचेवर टिकतो, शिवाय पेला गार होतो. मग पेला तिरका धरून, तोटी काचेला लावून थोडा फेस सोडतो. तोटीचं टोक त्या फेसात बुडवतो आणि मूठ पूर्ण उघडतो. बिअर फेसाच्या खालून चढते, फेस वर वर उचलला जातो. पेला भरता भरता सरळ होतो आणि मूठ बंद. सगळं एका दमात. मध्ये थांबून, फेस खाली बसवून, पुन्हा वरून ओतली की बिअर हवेशी घुसळली जाते आणि तिचा जीव जातो.

या भरण्याला ह्लादिन्का म्हणतात: वर तीन-चार बोटं फेस, खाली बिअर. श्नित म्हणजे मोठ्या पेल्यात कमी बिअर, तिच्याहून जास्त फेस आणि वर थोडी रिकामी जागा. म्लीको म्हणजे 'दूध': पेलाभर जवळजवळ नुसता ओला फेस. तो चमच्याने खायचा नसतो आणि चघळत बसायचाही नसतो, बसायच्या आत दोन-तीन मोठ्या घोटांत प्यायचा. गोडसर, मऊ लागतो, कडवटपणा फारसा जाणवत नाही. चोख्तान म्हणजे फेसाशिवाय काठोकाठ. एकाच पिंपातली बिअर ह्लादिन्का आणि चोख्तान अशी शेजारी ठेवून चाखायला मिळाली तर संधी सोडू नका, गाईडला विचारून मागवा. चोख्तान जिभेला टोचते, कडू आणि गॅसभरली वाटते. ह्लादिन्का गोलाई घेऊन येते. नळावरचा माणूस बिअर घडवतो, हे अशा दोन घोटांत पटतं.

चाखण्याची पद्धत साधी आहे. पेला आला की पहिल्या दहा सेकंदांत नाक फेसाजवळ न्या आणि दोन छोटे हुंगे घ्या. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावतं. पहिला घोट फेसातून घ्या, ओठ फेसात बुडू द्या. दुसरा घोट मोठा, पूर्ण जिभेवर पसरेल असा, आणि तो गिळा. वाईनसारखं थुंकून चालत नाही, कारण कडवटपणाची खरी चव गिळल्यावर उमटते. नाकाने श्वास सोडा आणि थांबा. चांगल्या झेक लागरमध्ये कडवटपणा येतो, क्षणभर ठाम उभा राहतो आणि स्वच्छ निघून जातो. जिभेवर राखेसारखा चिकटून राहत नाही. मग पावाच्या भाजलेल्या कडेचा वास मागे उरतो. तो वास भरडलेलं माल्ट आणि पाणी यांच्या मिश्रणाचा थोडा भाग वेगळा काढून, उकळून, परत मुख्य भांड्यात घालण्याच्या जुन्या पद्धतीतून येतो. हे एका खेपेला दोनदा, कधी तीनदा करतात. वेळ आणि इंधन दोन्ही लागतं, तरी झेक लोक ते सोडत नाहीत. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं; इथला गवताळ, किंचित मसालेदार वास झातेत्सच्या हॉप्सचा. २०२३ साली झातेत्स गाव आणि त्याच्या आसपासचा हॉप्सचा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

बिअर ७-८ अंश सेल्सिअसला चाखायची. बर्फगार बिअरची सवय असेल तर ती कोमट वाटेल. मात्र बधिर जिभेला हॉप्स कळत नाहीत, आणि फार गार बिअर नीट फेसाळतही नाही.

क्रम फिक्याकडून गडदकडे, हलक्याकडून जडकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आधी १० ची स्व्येत्ले, मग १२ ची न गाळलेली, मग पोलोत्मावे, मग त्मावे, आणि आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, असेल तर सगळ्यात शेवटी. आयपीएमधले लिंबू-संत्र्याच्या वासाचे हॉप्स एकदा तोंडात बसले की पुढची लागर पाण्यासारखी लागते. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींत आयपीए आणि गव्हाच्या बिअरची सवय झालेले पाहुणे बहुधा "पहिली जरा साधीच होती" म्हणतात. माझं मत उलट आहे. १० ची फिकी बिअर हाच छोट्या ब्रुअरीचा खरा कस. तिच्यात भाजलेल्या माल्टचा रंग नाही, हॉप्सचा भडक वास नाही, अल्कोहोलची ऊब नाही. चूक लपवायला जागाच नाही. झेक लोक तिला दोन शब्दांनी मोजतात. र्झीझ म्हणजे जिभेवरची ती जिवंत, बारीक टोचणी. पितेल्नोस्त म्हणजे एक घोट संपला की दुसरा आपोआप घ्यावासा वाटणं. प्रागजवळच्या उन्येतित्से गावातली ब्रुअरी २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तिची १० ची बिअर हे दोन शब्द समजावून घ्यायला उत्तम. ९९३ साली स्थापन झालेल्या ब्र्झेव्नोव्हच्या मठातही २०११ मध्येच पुन्हा बिअर बनू लागली.

दोष ओळखणं हाही टेस्टिंगचा भाग आहे. विरघळलेल्या लोण्याचा हलका वास झेक लागरमध्ये चालतो, काहींना तर तो हवाच असतो. पण मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नसारखा भपकारा आला तर बिअर पुरती मुरू दिलेली नाही. आंबताना यीस्टमुळे हा पदार्थ तयार होतो आणि वेळ दिला तर यीस्टच तो परत खाऊन टाकतं. घाई केली की तो तसाच राहतो. लोण्याच्या जोडीला आंबटपणा असेल तर दोष नळाच्या नळीचा, ती वेळेवर धुतलेली नाही. उकडलेल्या कणसाच्या पाण्याचा वास म्हणजे काढा पुरेसा उकळला नाही किंवा सावकाश गार झाला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी होऊन तिला हवा लागली. आणि काचेच्या आतल्या बाजूला, बिअरच्या पातळीखाली, बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर पेला स्वच्छ नाही. लिपस्टिक आणि तळणाचं तेलही फेस मारतं, म्हणून तळलेलं खाल्ल्यावर आधी ओठ पुसा, मग पेला उचला.

खाण्याबद्दल थोडंसं. टेस्टिंगबरोबर बहुधा उतोपेनेत्स येतो, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. मांस चालत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि नाक्लादानी हेर्मेलीन मागा: कांदा, मिरची, मसाले घालून तेलात मुरवलेलं मऊ चीज. बटाट्याच्या धिरड्यात, म्हणजे ब्राम्बोराकमध्ये, लसूण आणि अंडं असतं, कधी तो चरबीत तळतात, तेव्हा विचारून घ्या. लसूण-कांद्याचं जेवण टेस्टिंगनंतर ठेवलेलं बरं.

टेबलावरच्या चालीरीती दोनच जपा. 'ना झ्द्रावी' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि जुन्या पेल्यातली उरलेली बिअर नव्या पेल्यात कधीही ओतायची नाही. तिथे ते असभ्य समजतात, आणि शिळी बिअर ताज्या फेसाचा नाश करते. पबमध्ये टेबलावर कागदाची पट्टी ठेवून प्रत्येक पेल्याला एक रेघ ओढतात. ती हरवू नका, त्याच्यावर काही लिहूही नका, कारण तेच तुमचं बिल.

हातात आणखी एक दिवस असेल तर प्रागहून रेल्वेने सुमारे दीड तासावर प्लझेन हे पिल्स्नर बिअरचं गाव आहे. १८३८ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीसमोर खराब बिअरची ३६ पिंपं ओतून टाकली होती. त्यातूनच नवी ब्रुअरी उभी राहिली आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी बव्हेरियाच्या योझेफ ग्रोल यांनी पहिली सोनेरी पिल्स्नर उकळायला घेतली. ब्रुअरीच्या जुन्या तळघरांत अजूनही ओकच्या मोठ्या पिंपांतून न गाळलेली, न पाश्चराइझ केलेली बिअर पाहुण्यांना देतात. आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर न्या. प्रागला टेस्टिंग आधी आणि प्लझेन नंतर असा क्रम ठेवा, म्हणजे त्या पिंपातल्या घोटात काय शोधायचं ते आधीच माहीत असेल.

घरी आणायची झाली तर कॅन घ्या. हिरव्या काचेतून प्रकाश आत जातो, हॉप्समधल्या कडू घटकांवर त्याची क्रिया होते आणि उग्र, रबरासारखा वास येतो. न गाळलेल्या बिअरला सतत थंडावा लागतो, त्यामुळे ती बॅगेत घालूच नका, तिथेच पिऊन या.