आमची वाटचाल : अमाइडवर थांबताना

रबाळे एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात, ५०० लिटरच्या एका जुन्या ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर दिलेल्या) रिअॅक्टरवर आम्ही बेन्झोनायट्राइल या नायट्राइलपासून बेन्झामाइड हे अमाइड करू लागलो. तीव्र सल्फ्युरिक अॅसिडमध्ये नायट्राइल सावकाश सोडायचे आणि त्याने पाण्याचा एक रेणू उचलला की तिथेच थांबायचे, एवढेच काम. पण अमाइडवर थांबणे किती अवघड असते, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको; आणखी पाणी लागले की त्याचे अॅसिड होते.

दुसऱ्याच वर्षी आमचे भागीदार बॅचची वही आणि सुपरवायझर दोन्ही घेऊन बाहेर पडले, दोन गल्ल्या सोडून त्यांनी स्वतःचा गाळा घेतला आणि आमच्यापेक्षा कमी दर लावला. त्याच महिन्यात, पाणी घालून रात्रभर निवत ठेवलेल्या बॅचच्या जॅकेटमध्ये (रिअॅक्टरभोवतीच्या आवरणात) स्टीमचा व्हॉल्व्ह झिरपत राहिला. सकाळी अॅसिड मारायला कॉस्टिक सोडा सोडताच अमोनियाचा असा भपकारा आला की डोळे उघडवेनात, आणि जो माल खाली बसायला हवा होता तो बहुतेक विरघळून गेला. सौम्य झालेल्या गरम अॅसिडने अमाइडमधला अमोनिया सोडवून त्याचे बेन्झॉइक अॅसिड करून टाकले होते, आणि ते कॉस्टिकमध्ये विरघळते. म्हणून सांगतो, स्टीमच्या लाइनवर एका व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, दुसरा बसवा आणि मधला ड्रेन उघडा ठेवा. जपानमध्ये १९८५ पासून अॅक्रिलोनायट्राइलचे अॅक्रिलामाइड जिवाणूंच्या एन्झाइमने करतात आणि ते एन्झाइम अमाइडवर आपोआप थांबते. आमच्याकडे मात्र रात्रपाळीला माणूस जागा ठेवावा लागतो.

आम्ही गाळा बंद करतोय, अशी आवई तेव्हा बाजारात कोणी उठवली हे मी लिहीत नाही. डोंबिवलीचे आमचे एक ग्राहक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी मात्र पुढच्या तीन बॅचचे पैसे आगाऊ दिले. मधली काही वर्षे सुरळीत गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्ट्रेकर यांच्या १८५० च्या पद्धतीने, बेन्झाल्डिहाइड, अमोनिया आणि सायनाइडपासून अमिनोनायट्राइल करून फिनाइलग्लायसीन हे अमिनो अॅसिडही केले, पण सायनाइडचे सांडपाणी सांभाळण्याची दगदग पेलेना म्हणून ते सोडले.

पुढे एकदा काका दुसरीकडून स्वस्तात घेतलेला ड्रम घेऊन आले. वितळणबिंदू बघायला कॅपिलरी (बारीक काचनळी) भरून पाहिली, तर १२८ अंशांच्या आसपास वितळायचा माल ११५ लाच मऊ पडला. आत बेन्झॉइक अॅसिड राहिले होते. ड्रम कोणाचा, हे लेबलवरून कळतच होते. आम्ही तो सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुन्हा स्फटिक पाडून दिला आणि बिल पूर्ण दराने लावले.