कोणतं पुस्तक वाचू, हे तुम्ही विचारलंत म्हणून

वीरगळांवर, म्हणजे लढताना पडलेल्या माणसांच्या कोरीव स्मृतिशिळांवर, कुठे बोलायला गेलो की शेवटी दोन प्रश्न ठरलेले. एक मागच्या रांगेतून, दबक्या आवाजात: "गुप्तधनाची खूण कशी ओळखायची?" दुसरा पुढच्या रांगेतून: "आम्हालाही आमच्या गावचा जुना इतिहास, पुरातत्त्व शिकायचंय. सुरुवात कुठून करू? पुस्तकं सांगा ना."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १८७८ चा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! एवढं ऐकलं की माणूस चहाच्या टेबलाकडे वळतो. दुसऱ्यासाठी पूर्वी मी पुस्तकांची यादी झेरॉक्स करून नेत असे. ती नेलेल्यांपैकी कोणी पुन्हा भेटून "वाचलं हो" म्हणाल्याचं आठवत नाही. यादी बंद केली. आता मीच विचारतो, मारुतीच्या देवळामागे काय पडलंय?

काहीतरी पडलेलं असतंच. माझ्या आजोळी पाराला टेकवून एक शिळा उभी होती, शेंदराने निम्मी बुजलेली. आम्ही पोरं तिला "बाबाचा दगड" म्हणायचो आणि तिच्यावर चढून चिंचा पाडायचो. पुढे कॉलेजात असताना तिच्याकडे नीट पाहिलं, तेही चुकीचं. पुस्तकाचं पान वाचावं तसा वरून खाली वाचत गेलो. वर शिवलिंगाची पूजा करणारा माणूस, मधे अप्सरा, खाली ढाल-तलवारींची हाणामारी. गोष्ट काही लागेना. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे कळायला दोन वर्षं गेली. खाली लढाई आणि मरण, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर कैलासात शिवपूजा. चंद्रसूर्य असतील तर ते 'आचंद्रसूर्य' कीर्ती राहो म्हणून. आणि सगळ्यात खालच्या चौकटीत गाई असल्या तर हा माणूस गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला असं समजायचं. राजाची लढाई नव्हे, गोठ्याची. आमच्या बाबाच्या पायाशी गाई होत्या. शेंदूर थोडा पातळ झाल्यावर दिसल्या.

मग मात्र मला पुस्तक हवं झालं, कारण आता विचारायला काहीतरी होतं. हे असले दगड कोणत्या काळातले? काहींवर अक्षरं असतात ती कोणी वाचलीत? त्यातून शं. गो. तुळपुळ्यांच्या १९६३ च्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथापर्यंत पोचलो. आधी यादीतून मिळाला असता तर दुसऱ्या पानावर झोप लागली असती.

एक चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. नदीकाठच्या टेकाडावरून मी खापऱ्या गोळा करायचो. तांबड्या, वर काळ्या रेघांची नक्षी. घरी आणून ब्रशने घासून धुवायच्या आणि बुटाच्या खोक्यात टाकायच्या. तीन-चार गावांच्या खापऱ्या एकाच खोक्यात. अभिमानाने एका जाणत्या प्राध्यापकांना दाखवल्या. त्यांनी एक उचलून नखाने टिचकी मारली, खणकन आवाज आला. म्हणाले, "जोर्वे. छान भाजलेली आहे. कुठली?" मला सांगता येईना. त्यांनी खोकं बंद करून परत दिलं. खापरीचं मोल ती कुठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होती त्यात असतं. ते गेलं की उरतं फुटकं मडकं. त्यामुळे आता फोटो काढतो, शेजारी पेन ठेवतो मापाला, गट नंबर लिहितो आणि खापरी जागेवरच सोडतो. खणायचं तर नाहीच. उत्खननाला परवाना लागतो, आणि तो हौशी माणसाला मिळत नाही हे बरंच आहे.

जोर्वे म्हणजे संगमनेरजवळचं गाव. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी तिथे खणलं आणि त्या नक्षीच्या मडक्यांना गावाचंच नाव पडलं. ती मडकी वापरणारी लोकं कशी राहत, हे पाहायचं तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. तशीच मडकी सापडलेल्या घोडनदीकाठच्या इनामगावचं उत्खनन १९६८ ला सुरू झालं आणि दशकाहून जास्त काळ चाललं. तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेलं सापडलं, तेही राहत्या घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. आणि एक जण मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, पाय शाबूत. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो.

आपल्या भाषेतही साधनं पडून आहेत. जुनी माणसं शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढर म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी जमीन पांढुरकी होते. म्हणून गावात गेलात की "इथे जुनं काही आहे का?" असं विचारू नका, "नाही" म्हणतील. "धाब्याच्या घरावर टाकायला पांढरी माती कुठून आणता?" असं विचारा. आजीबाई थेट टेकाडाकडे बोट दाखवते. (ती माती अजून नेतातच, आणि टेकाड दर पावसाळ्याला थोडं बुटकं होतं. कोणाला बोलणार?) कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पंही अशीच, गुराख्यांना आधीपासून माहीत होती, शोधणाऱ्यांनी त्यांना विचारलं.

कागदांत दोन गोष्टी आधी उघडा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. एक, कॅम्बेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादलेलं जुनं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. पुण्याचे भाग १८८५ चे, त्यात तिसऱ्या भागात गावोगावची माहिती. नावं इंग्रजी कानांनी ऐकलेली, शिरूर शोधायचं तर 'सिरूर' पाहा. त्यातली जातींबद्दलची मतं साहेबाची म्हणून सोडून द्या. दुसरं, पुरातत्त्व सर्वेक्षणाचा १९५३-५४ पासूनचा वार्षिक आढावा. रूक्ष आहे, पण जिल्ह्याचं नाव शोधत गेलात तर 'अमुक गावी अमुक प्रकारची खापरं' अशी एखादी ओळ लागते. आमच्या नदीकाठचं गाव मला असंच दोन ओळींत भेटलं. खोक्यातल्या काही खापऱ्या बहुधा तिथल्याच. बहुधा.

अभ्यासक्रमांचं म्हणाल, तर तेही आहेत, पुण्यात आणि मुंबईतही. वेळ असेल तर जरूर करा. मोडी शिका, ते मात्र महिन्या-दोन महिन्यांत जमतं.

मागच्या आठवड्यात अशाच एका विचारणाऱ्या ताईंनी एका वीरगळाचा फोटो पाठवला. भर दुपारी काढलेला, सगळं सपाट. म्हटलं, संध्याकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात पुन्हा काढा, पीठ-खडू काही लावू नका. दुसऱ्या दिवशी आला. खालच्या चौकटीत दोन गाई स्पष्ट, तिसरीचं नुसतं शिंग. शिळा कोणत्या गावात, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे त्यांनी अजून कळवलेलं नाही.