घोळणा फुटला त्या दिवसापासून

डिचोली, सोमवार रात्र

आज दहा दिवसांनी भाचीने आरसा हातात घेतला.

त्या संध्याकाळी तिचा घोळणा फुटला. पावसाळ्यातही तिला तो त्रास होतो, म्हणून मी नेहमीसारखी तिची नाकपुडी चिमटीत धरली. थोड्या वेळाने उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात आधी गुलाबीसर पाणी जमलं, मग लालभडक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत ओघळला. माझे हातपायच गळाले. तिला दुखत काहीच नव्हतं. माझा चेहरा बघून पोर घाबरली आणि रडायला लागली, तशी आणखी लाल धार.

शेजारी जमले. कोणी दृष्ट काढली, कोणी देवाला कौल लावा म्हणालं. मायेनेच म्हणत होते, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण एकीने मोबाइल काढून चित्रण केलं. तेरा वर्षांच्या मुलीचं! ते मी अजून विसरलेले नाही.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, रक्तदाब, रक्त गोठण्याच्या तपासण्या, नाक, डोळे, सगळं पाहिलं. जखम नाही, गाठ नाही. डॉक्टरांनी तिची खालची पापणी हलकेच ओढून आतल्या कोपऱ्याजवळचं बारीक छिद्र आम्हाला दाखवलं. अश्रू तिथून नळीवाटे नाकात उतरतात, म्हणून रडलं की नाक गळतं. नाक दाबल्यावर रक्ताने तीच वाट उलटी धरली. डोळ्यांतून असं रक्त येण्याला हिमोलॅक्रिया म्हणतात. मी विचारलंच, माझ्या दाबण्याने झालं का? म्हणाले, रक्त थांबवायला नाक दाबायचंच असतं, तुमचं काही चुकलं नाही. पण पुन्हा डोळ्यांतून आलं तर लगेच या, कारण दर वेळी कारण एवढं साधं असेलच असं नाही.

१५८१ मध्ये डोडोन्स नावाच्या फ्लेमिश वैद्याने अशाच एका मुलीची नोंद केली होती. ती सोळा वर्षांची, पाळीच्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून रक्ताचे थेंब यायचे. हे वाचल्यापासून त्या मुलीच्या घरच्यांचा विचार डोक्यातून जात नाही. त्यांना कोणी नळी समजावून सांगितली असेल का?

आज भाचीने स्वतः पापणी ओढून ते छिद्र शोधलं. "मावशी, सुईच्या टोकाएवढं आहे गं!" मग दुसऱ्या डोळ्यातलं. मग माझ्या.

उद्या शाळेत जाते म्हणते. ताईचं मन अजून होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी मी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात घातली आहे, बाईंना दाखवायला.